अठरा दिवस मुदतीची लस : मलावीतल्या कोरोनाकाळाचा प्रकरण अभ्यास

नोव्हेंबर लागला की वाशीच्या घाऊक बाजारात मलावी हापूसच्या पेट्या येऊ लागतात. कोकणातून नेलेल्या कलमांवर तिकडे धरलेला हा आंबा आपल्याकडे ऐन थंडीत विकला जातो, आणि आपली या देशाशी ओळख बहुधा तिथेच संपते. आफ्रिकेच्या आग्नेयेकडचा हा चिंचोळा देश झांबिया, टांझानिया आणि मोझांबिक यांच्यामध्ये वसला आहे. समुद्र कुठेच लागत नाही. एका अंगाला शेकडो किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. २०२० साली लोकसंख्या सुमारे १ कोटी ९० लाख होती. दर पाचांतले चार जण खेड्यात राहतात आणि मक्यावर जगतात. परकीय चलन मिळते ते मुख्यतः तंबाखूतून. जागतिक बँकेच्या वर्गवारीत मलावी कमी उत्पन्नाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या गटात मोडतो.

या देशाच्या कोरोनाकाळाकडे नुसत्या आकड्यांतून पाहिले तर फसगत होते. अधिकृत नोंदीनुसार तिथे एकूण सुमारे ८९ हजार रुग्ण सापडले आणि २,६८६ माणसे दगावली. एकट्या मुंबईत याहून कितीतरी जास्त मृत्यू नोंदले गेले. मग मलावीचा अभ्यास कशासाठी करायचा? माझ्या मते, गरीब देशावर महामारी आली की नेमके काय होते ते इथे फार स्वच्छ दिसते म्हणून. गरीब देशाला पैसा कमी पडतो हे सगळेच जाणतात. त्याला वेळही मिळत नाही, हे मात्र सहसा कुणी मोजत नाही. मलावीला मदत मिळाली, ऑक्सिजन मिळाला, लससुद्धा बहुतेक शेजाऱ्यांच्या बरोबरीने मिळाली. पण जवळजवळ प्रत्येक गोष्ट पोहोचली ती तिची घडी उलटून गेल्यावर, किंवा उलटायला थोडेच दिवस उरले असताना.

आधीची तयारी

मलावीत सरकारी उपचार मोफत आहेत. म्झुझू, लिलाँग्वे, झोम्बा आणि ब्लँटायर इथे चार मध्यवर्ती रुग्णालये, त्यांच्याखाली जिल्हा रुग्णालये, त्याखाली आरोग्य केंद्रे अशी उतरंड आहे. ग्रामीण भागातला मोठा वाटा चर्चच्या रुग्णालयांनी उचललेला आहे. डॉक्टर इतके थोडे आहेत की सिझेरियनपासून हाड बसवण्यापर्यंतची कामे क्लिनिकल ऑफिसर करतात. त्यांनी एमबीबीएस केलेले नसते, काही वर्षांचे खास प्रशिक्षण घेतलेले असते. गावपातळीवर आपल्या आशाताईंसारखे आरोग्य सेवक आहेत. लसीकरण, पाणी, शौचालये, बाळांची वजने सगळे तेच बघतात. महामारी सुरू झाली तेव्हा साऱ्या देशात अतिदक्षता विभागाच्या खाटा होत्या सुमारे २५.

यावरून मलावीला आरोग्याचे काही कळत नाही असा ग्रह करून घेणे चुकीचे ठरेल. एचआयव्हीने हा देश पोखरून काढला होता. त्याच मलावीने २०११ मध्ये, एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीला तपासण्यांची वाट न पाहता आयुष्यभराचे औषध सुरू करायचे धोरण जगात सर्वांत आधी राबवले. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तोच मार्ग इतर देशांना सुचवला. बाळांच्या न्यूमोनियासाठी जिल्हा रुग्णालयांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बसवण्याचा कार्यक्रम या देशाने २००० सालानंतर राबवला, तेव्हा बऱ्याच देशांनी त्याचा विचारही केला नव्हता. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ मध्यवर्ती रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या अभियंत्यांना सोबत घेऊन नवजात बाळांसाठी श्वासाला आधार देणारे स्वस्त यंत्र उभे केले. म्हणजे ज्ञान होते, अनुभव होता. हाताशी असलेली साधने मात्र बालकांच्या मापाची होती.

भाकरीचा प्रश्न न्यायालयात

२० मार्च २०२० रोजी, देशात एकही रुग्ण सापडलेला नसताना, राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. २३ मार्चपासून शाळा बंद झाल्या. २ एप्रिलला राजधानी लिलाँग्वेत पहिले तीन रुग्ण निघाले. त्यातली एक ज्येष्ठ महिला भारतातल्या नातेवाइकांना भेटून परतली होती. उरलेले दोघे तिच्याच घरातले, त्यात एक घरकामगार. १४ एप्रिलला २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. ती १८ तारखेपासून लागू व्हायची होती.

ती लागू झालीच नाही. म्झुझू आणि ब्लँटायरच्या बाजारांतले विक्रेते रस्त्यावर उतरले. जुने कपडे, टोमॅटो, सुकी मासळी विकणारी ही माणसे. रोज विकायचे आणि रोज खायचे असा त्यांचा हिशेब. कोरोनाने मरू ते मरू, उपाशी कशाला मारता, असा त्यांचा सवाल होता. मानवाधिकार संघटनांची आघाडी न्यायालयात गेली आणि १७ एप्रिलला उच्च न्यायालयाचे न्यायाधीश केन्याटा न्यिरेंडा यांनी टाळेबंदीला स्थगिती दिली. गरिबांच्या पोटापाण्याची काय सोय केली, यावर सरकारकडे धड उत्तर नव्हते. सप्टेंबरमध्ये घटनात्मक बाबी ऐकणाऱ्या न्यायपीठाने ते नियम घटनेत बसत नाहीत असा निकाल दिला.

ज्या आठवड्यांत आपल्याकडचे मजूर मुलाबाळांना घेऊन महामार्गांवरून चालत होते, त्याच आठवड्यांत आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देशाच्या न्यायालयाने सरकारला भाकरीचा जाब विचारला. याचे मोल मला फार वाटते. साथीचे शास्त्र शिकवताना हे प्रकरण शिकवले गेले पाहिजे.

पण जाब विचारला म्हणून भाकरी मिळाली नाही. एप्रिल संपताना सरकारने शहरांतल्या १ लाख ७२ हजार गरीब कुटुंबांना दरमहा ३५ हजार क्वाचा (मलावीचे चलन) देण्याची योजना जाहीर केली. त्या वेळच्या किमान मासिक वेतनाइतकी ही रक्कम होती आणि ती मोबाइलवरून वळती व्हायची होती. मलावीत गरिबांना रोख मदत देण्याची पद्धत आधीपासून होती, पण ती खेड्यांसाठी. शहरातल्या वस्त्यांत गरीब कोण, कुठे राहतो, त्याचा फोन क्रमांक काय, याची यादीच नव्हती. यादी करायची म्हणजे गल्लोगल्ली माणसे फिरवायची. त्यासाठी पैसा हवा, तो दात्यांकडून यायचा, दात्यांना यादीची पद्धत पटायला हवी. या फेऱ्यात महिने गेले. मधल्या काळात, आधी रद्द झालेली निवडणूक २३ जूनला पुन्हा झाली. सगळ्यांच्याच सभांना तोबा गर्दी उसळली आणि लाझारस चक्वेरा राष्ट्राध्यक्ष झाले. पहिली लाट आली आणि ओसरली. योजनेची पहिली रक्कम हाती पडायला २०२१ उजाडले.

स्थगितीमुळे साथ भडकली, असे तेव्हा काहींनी म्हटले. मला ते पटत नाही. बाजार बंद करून झोपडपट्टीत अंतर पाळले गेले असते याचा काही आधार नाही, आणि पहिली लाट शेजारच्या देशांतही साधारण तशीच गेली. खरी चूक स्थगितीनंतरची. न्यायालयाने सरकारला तयारीसाठी एक सबळ कारण आणि काही महिने मिळवून दिले होते, ते हातचे गेले.

मे महिन्यात याची एक छोटी पण बोलकी झलक दिसली. दक्षिण आफ्रिकेत मजुरीला गेलेले मलावी लोक काम सुटल्यामुळे बसगाड्यांनी परतत होते. त्यांना ब्लँटायरच्या कामुझू स्टेडियममध्ये विलगीकरणात ठेवले, आणि चारशेहून अधिक जण तिथून निघून गेले. कुणी कुंपणावरून, कुणी सरळ दरवाज्यातून. चाचण्यांचे निकाल लवकर येत नव्हते, खाण्यापिण्याची आबाळ होती. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहिलेल्या माणसाला गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या इतक्या जवळ, काही न सांगता, बसवून ठेवले तर तो थांबेल कसा? त्यांना बेजबाबदार म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हटलेही गेले.

त्याच सुमारास ब्लँटायरमध्ये लक्षणे नसलेल्या ५०० आरोग्य कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले. सुमारे १२ टक्क्यांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, सापडली. अधिकृत रुग्णसंख्या तेव्हा काही शेकड्यांत होती. विषाणू कधीच आत शिरून फिरत होता, आणि तरी रुग्णालये भरलेली नव्हती. निम्मी लोकसंख्या अठरा वर्षांच्या आतली असलेल्या देशाला तरुण वयाने तारले होते. दुर्दैवाने यातून अनेकांनी धडा घेतला तो वेगळाच : हा आजार आपल्याकडे तितकासा नाही.

जानेवारी २०२१

दुसरी लाट दक्षिण आफ्रिकेतून आली. तिथे सापडलेला बीटा हा कोरोनाचा बदललेला विषाणू नाताळच्या सुट्टीला घरी येणाऱ्यांबरोबर बसगाड्यांतून उतरला. २०२० मध्ये, एप्रिल ते डिसेंबर, जेवढे रुग्ण सापडले होते त्यांच्या दुपटीहून जास्त एका जानेवारीत सापडले. मृतांची संख्या महिनाभरात तिपटीच्या वर गेली. १२ जानेवारीला एकाच दिवशी दोन मंत्री कोरोनाने गेले : स्थानिक प्रशासन मंत्री लिंगसन बेलेकान्यामा आणि वाहतूक मंत्री सिदिक मिया. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष चक्वेरा यांनी पुन्हा राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पैसेवाले आणि सत्ताधारी एरवी गंभीर आजारात दक्षिण आफ्रिका किंवा भारत गाठतात. या वेळी ती वाट जवळपास बंद होती, आणि देशातली रुग्णालये कशी आहेत हे मंत्रिमंडळाला पहिल्यांदाच स्वतःच्या अंगावर कळले.

ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात रुग्णांची संख्या चार-पाच दिवसांत दुप्पट होत होती. सीमापार डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे एमएसएफने, तिथे जादा कक्ष उभा केला. लिलाँग्वेचे बिंगू राष्ट्रीय स्टेडियम तात्पुरते रुग्णालय झाले. खाटा मांडणे तसे सोपे असते. अडले ते ऑक्सिजनपाशी, आणि इथे थोडे थांबून नीट पाहायला हवे, कारण साऱ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

जिल्हा रुग्णालयातला कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन शोषून घेतो आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून सोडतो. साधारण यंत्र मिनिटाला ५ लिटर देते, मोठे १० लिटर. न्यूमोनियाने धापणाऱ्या तान्ह्या बाळाला एखाद-दोन लिटर पुरतात. म्हणून मलावीतल्या बालकक्षांत एकाच यंत्राला विभाजक जोडून तीन-चार बाळांच्या नाकाशी नळ्या नेण्याची पद्धत रुळली होती. स्वस्त आणि खात्रीची सोय, असंख्य बाळे त्यावर जगली. कोरोनाने फुप्फुस भरलेल्या प्रौढ माणसाला मात्र मिनिटाला १०-१५ लिटर लागतात, तेही दिवसरात्र, आठवडाभर. चार बाळांना जगवणारे यंत्र अशा एका बापाला अपुरे पडते. शिवाय यंत्राला वीज लागते, आणि मलावीत वीज जाणे रोजचेच. वीज गेली की जनित्र सुरू होईपर्यंतची मिनिटे रुग्णाच्या जिवावर बेततात. मग राहतात सिलिंडर. मोठ्या सिलिंडरमध्ये सात हजार लिटरच्या आसपास वायू असतो; मिनिटाला १५ लिटरने तो आठ तासांत रिकामा होतो. एका रुग्णाला दिवसाला तीन. ते भरायचे शहरात, आणायचे ट्रकने, आणि बसवायचे तर दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर हवा. तो नसेल तर भरलेला सिलिंडर रुग्णाशेजारी नुसता उभा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकपासून नागपूरपर्यंत सिलिंडरसाठी धावलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की आपल्याकडे देशात कुठेतरी पोलादाचे कारखाने होते, तिथून रेल्वेने टँकर आणता आले. मलावीत आणायचे कुठून?

आणखी एक गोष्ट बाहेरच्या अहवालांत फारशी येत नाही. मलावीच्या सरकारी रुग्णालयात प्रत्येक रुग्णासोबत घरचे माणूस राहते. ते आवारात चूल पेटवून मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा शिजवते, रुग्णाला भरवते, कूस बदलते, कपडे धुते, रात्री सलाईन संपत आले की परिचारिकेला उठवते. एका परिचारिकेकडे पन्नास-साठ रुग्ण असतात तिथे ही सोबत हाच शुश्रूषेचा कणा आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या व्हरांड्यात जी दिसतात तीच ही माणसे. कोरोना कक्षात त्यांना मज्जाव झाला, आणि त्यांच्या जागी कुणीच आले नाही. नाकावरचा मास्क सरकला तर तो नीट कोण करणार?

या काळात लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. स्वित्झर्लंडमध्ये राहणारे मलावी लेखक स्टॅन्ली ओंजेझानी केनानी यांनी समाजमाध्यमावर मदतीची हाक दिली आणि देशातल्या-परदेशातल्या मलावी लोकांनी पैसे पाठवले. त्यातून रुग्णालयांना ऑक्सिजनचे साहित्य आणि संरक्षक साधने पोहोचू लागली. काय आले, कुठे गेले याचा हिशेब ते उघडपणे मांडत. हे महत्त्वाचे होते, कारण सरकारी पैशाचे काय होते याबद्दल लोकांना खात्री नव्हती, आणि ती शंका खरी निघाली. कोरोनासाठी दिलेल्या ६.२ अब्ज क्वाचांच्या लेखापरीक्षणात पैसा भलतीकडे वळवल्याचे उघड झाले. एप्रिलमध्ये चक्वेरा यांनी मजूरमंत्री केन कँडोडो यांना काढले. राष्ट्राध्यक्षांसोबतच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्यांनी या निधीतली रक्कम वापरली होती. अनेक अधिकाऱ्यांना अटक झाली. रक्कम परत करता येते. जानेवारीतला तो आठवडा परत करता येत नाही.

लस

५ मार्च २०२१ रोजी लिलाँग्वेच्या विमानतळावर ॲस्ट्राझेनेकाच्या लशीच्या ३ लाख ६० हजार मात्रा उतरल्या. कोव्हॅक्स या जागतिक वाटप योजनेतून आलेल्या या कुप्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये भरलेल्या होत्या. आपण जिला कोव्हिशील्ड म्हणतो तीच ही लस. पाठोपाठ भारत सरकारने ५० हजार मात्रा भेट दिल्या. ११ मार्चला राष्ट्राध्यक्षांनी झोम्बात सर्वांसमोर लस टोचून घेतली. सुरुवात चांगली झाली होती.

मग २६ मार्चला आणखी १ लाख २ हजार मात्रा आल्या, आफ्रिकी संघाकडून. त्यांचा प्रवास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पुण्यात तयार झालेला हा साठा फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी जोहान्सबर्गला पोहोचला होता. दक्षिण आफ्रिकेने तो विकत घेतला होता. आठवडा उलटायच्या आत तिथल्या चाचणीत दिसले की बीटा विषाणूमुळे होणाऱ्या सौम्य आजाराविरुद्ध ही लस फारशी चालत नाही. दक्षिण आफ्रिकेने ती वापरायची नाही असे ठरवले आणि साठा आफ्रिकी संघाला विकून टाकला. संघाने तो इतर देशांत वाटला. करार, परवाने, विमानांची जुळणी यात मार्च संपत आला. मलावीत उतरलेल्या कुप्यांवर मुदत छापलेली होती : १३ एप्रिल. हातात अठरा दिवस.

अठरा दिवसांत एवढी लस टोचून होते का? आपल्या एखाद्या महानगरपालिकेला ते अवघड नाही. मलावीत कुप्या आधी राजधानीतून जिल्ह्याला जायच्या, तिथून शीतपेटीत घालून मोटारसायकलने आरोग्य केंद्रावर. मार्च-एप्रिल म्हणजे पावसाळ्याची अखेर; कच्चे रस्ते चिखलाने भरलेले. कुपी एकदा उघडली की दहा जण हजर हवेत, नाहीतर उरलेले वाया. शिवाय याच दिवसांत युरोपात या लशीमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात अशा बातम्या येत होत्या, काही देशांनी ती तात्पुरती थांबवली होती, आणि त्या बातम्या व्हॉट्सॲपवरून खेड्यात लसीआधी पोहोचल्या होत्या. तरीही त्या साठ्यातल्या पाचांतल्या चार मात्रा मुदतीत टोचल्या गेल्या. हे काम करणाऱ्या आरोग्य सेवकांचे जगाने कौतुक करायला हवे होते.

जगाच्या लक्षात राहिले ते उरलेले. १९,६१० मात्रा मुदतीबाहेर गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने आधी सांगितले की मुदत वाढू शकेल, नष्ट करू नका. पुढे सांगितले की नष्ट करा. तोवर मलावीत बोलवा उठली होती की सरकार शिळी लस टोचते आहे, आणि लोक केंद्रांकडे फिरकेनासे झाले. शेवटी १९ मे रोजी लिलाँग्वेच्या कामुझू मध्यवर्ती रुग्णालयाच्या भट्टीत, कॅमेऱ्यांसमोर, आरोग्यमंत्री खुंबिझे कँडोडो चिपोंडा यांच्या उपस्थितीत त्या जाळण्यात आल्या. मुदत संपलेली एकही कुपी वापरात नाही, याची लोकांना खात्री पटावी हा हेतू होता. मुदत संपलेला कोरोना लशीचा साठा असा जाहीरपणे जाळणारा मलावी आफ्रिकेतला पहिला देश ठरला. जगभर मथळे झळकले ते गरीब देशाने लस जाळली म्हणून.

आणि पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, मलावीतली लस संपली. पहिली मात्रा घेतलेली माणसे दुसरीसाठी केंद्रांवर येत आणि हात हलवत परत जात. कारण मार्चच्या अखेरीस भारताने लशीची निर्यात थांबवली होती. इथे दुसऱ्या लाटेने थैमान घातले होते, महाराष्ट्रात स्मशानांत जागा नव्हती, आपल्या माणसांना लस द्यायची की बाहेर पाठवायची यात कुणाही सरकारने आपली माणसेच निवडली असती. त्या निर्णयाला मी दोष देत नाही. दोष आहे तो गरीब देशांच्या लशीची भिस्त एकाच देशातल्या जवळजवळ एकाच कारखान्यावर ठेवणाऱ्या योजनेला. श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येला पुरून उरेल एवढी लस आधीच करारांनी अडवून ठेवली होती. त्यामुळे पुण्याची तार तुटली तेव्हा कोव्हॅक्सकडे दुसरी तार नव्हतीच. जुलैमध्ये डेल्टाची लाट मलावीत शिरली तेव्हा शीतपेट्या रिकाम्या होत्या. नवा साठा महिना संपताना आला. ऑगस्टपासून अमेरिकेने दिलेली जॉन्सनची एका मात्रेची लस मिळू लागली, पण एप्रिलमध्ये रांगेत उभे राहिलेल्यांचा उत्साह तोवर मावळला होता.

मलावीचे लोक लस घेत नाहीत, असा सूर नंतर अनेक परिषदांत ऐकू आला. त्या बोलण्याचा मला मनापासून राग येतो. ज्या वेळी लोक आले त्या वेळी लस नव्हती, आणि जी आली ती मरणपंथाला लागलेली होती. विश्वास टिकावा तरी कशावर? त्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनची खबर येताच अमेरिकेने दक्षिणेकडच्या आठ आफ्रिकी देशांवर प्रवासबंदी घातली. मलावी त्यात होता. हा विषाणू तोवर युरोपातही सापडू लागला होता. युरोपवर बंदी आली नाही. चक्वेरा यांनी याला उघडपणे ‘ॲफ्रोफोबिया’, म्हणजे आफ्रिकाद्वेष, म्हटले.

कोरोनाच्या आडोशाला

२०२१ च्या मध्यापर्यंत मलावीतल्या रक्तदात्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे संसर्ग लाखो-कोटींना होऊन गेला, नोंद हजारोंची झाली. मृत्यूंचेही तसेच. बहुतेक मरण घरी येते, गावात पुरले जाते, कारणाची वैद्यकीय नोंद होत नाही. तरुण वयामुळे मृत्यू कमी झाले हे खरे असले तरी २,६८६ हा आकडा म्हणजे फक्त चाचणी होऊन दगावलेल्यांचा आहे.

इतर आजारांचे काय झाले? एप्रिल २०२० मध्ये ब्लँटायरमध्ये क्षयाचे नवे रुग्ण सापडण्याचे प्रमाण एका झटक्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरले. खोकला आहे म्हणून रुग्णालयात गेलो तर कोरोनाच्या कक्षात टाकतील ही भीती होती. वर्षअखेरीस ते प्रमाण सावरले. एचआयव्हीच्या औषधांत मात्र मोठा खंड पडला नाही. एकदम तीन महिन्यांच्या, पुढे सहा महिन्यांच्या गोळ्या घरी देण्याची पद्धत मलावीने बसवली होती. रुग्णालयाची पायरी न चढताही औषध चालू राहिले. जिथे साखळी आधीच्या दहा-पंधरा वर्षांत बांधली गेली होती तिथे ती टिकली. जिथे ती साथ आल्यावर बांधायला घेतली तिथे तुटली.

शाळा पाच महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या, सप्टेंबर २०२० मध्ये उघडल्या, जानेवारीत पुन्हा पाच आठवडे बंद झाल्या. रेडिओवर पाठ लावले जात, पण घरात रेडिओ असला तरी सेल विकत घ्यायला पैसे नसत. मुलगी शाळेत नाही आणि घरात खाणारे तोंड वाढले, की पुढे काय होते ते आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांतही पाहिलेले आहे. पहिल्या बंदीच्या काळात सरकारच्याच पाहणीत १३ हजार बालविवाह आणि किशोरवयीन मुलींची ४० हजारांहून अधिक गरोदरपणे समोर आली. मलावीने २०१७ मध्ये घटनेत दुरुस्ती करून लग्नाचे वय विनाअपवाद १८ केले होते. देड्झा जिल्ह्यातल्या पारंपरिक प्रमुख तेरेसा काचिंडामोटो यांनी तर त्याही आधी शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत परत पाठवले होते. त्या साऱ्या कामाची चाके पाच महिन्यांत मागे फिरली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये लिलाँग्वेतल्या एका चिमुरडीला पोलिओ झाल्याचे जाहीर झाले. आफ्रिका खंडात पाच वर्षांहून अधिक काळात सापडलेला हा नैसर्गिक पोलिओचा पहिला रुग्ण. विषाणूचे मूळ पाकिस्तानात निघाले. शेजारच्या देशांसह पुन्हा घरोघर डोस पाजण्याची मोहीम काढावी लागली.

त्याच वर्षी ॲना आणि गोम्बे ही चक्रीवादळे दक्षिणेकडून गेली, विहिरी आणि शौचालये एकत्र झाली, आणि मार्चमध्ये कॉलरा सुरू झाला. तो सगळ्या जिल्ह्यांत पसरला. मलावीच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी साथ ठरली : ५८ हजारांहून जास्त रुग्ण, १,७६८ मृत्यू. कॉलऱ्यात वेळेवर पाणी-मीठ आणि सलाईन मिळाले तर शंभरात एकही दगावू नये. इथे तीन दगावले. जानेवारी २०२३ मध्ये लिलाँग्वे आणि ब्लँटायरच्या शाळा सुट्टीनंतर वेळेवर उघडता आल्या नाहीत. तोंडावाटे द्यायची कॉलऱ्याची लस अस्तित्वात होती, पण जगाचा साठाच इतका आटला होता की ऑक्टोबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय यंत्रणांनी दोनऐवजी एकच मात्रा द्यायचे ठरवले. मलावीला २९ लाख मात्रांचा मोठा साठा मिळाला तो नोव्हेंबरमध्ये, साथ सुरू होऊन आठ महिने झाल्यावर.

आफ्रिकी संघाने २०४० पर्यंत खंडाला लागणाऱ्या लशींपैकी ६० टक्के लशी खंडातच बनवायचे ठरवले आहे. हे व्हायलाच हवे, आणि त्यात पुण्या-हैदराबादच्या अनुभवी उत्पादकांनी तंत्र देऊन सोबत करावी. पण कारखाना रवांडात निघो की सेनेगलमध्ये, मलावीला त्याआधी हवी आहेत साधी कामे : प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रौढांना पुरेल असा ऑक्सिजन प्रकल्प आणि तो दुरुस्त करणारा पगारी तंत्रज्ञ, शहरी वस्त्यांतल्या गरिबांची दरवर्षी ताजी केलेली यादी, आणि लस देणाऱ्या प्रत्येक दात्यावर अशी अट, की विमानातून उतरताना कुपीवर निदान काही महिन्यांची मुदत शिल्लक असली पाहिजे.